सात रोपं

डेलफिना ओरोस्को दारात उभी,
गळ्यात काउंटीचं ओळखपत्र, हातात भिंग.
"मागच्या अंगणात लिंबाच्या जातीचं काही आहे का?"
नाही म्हटलं.
मग ती स्वतःच बोट दाखवून म्हणाली, ते?
कढीपत्ता.
चाळीस वर्षं फोडणीत टाकतेय,
त्याचं गोत्र विचारायचं कधी सुचलं नव्हतं.

कुंडीशी गुडघे टेकून तिनं पालवी उलटी केली.
"पाहा."
तिळाहून बारीक काहीतरी,
बूड वर, डोकं खाली,
मास्तरांनी ओणवं उभं केलेल्या पोरासारखं.
शेजारी पांढरे मेणाचे धागे, शेवयांचे तुकडे जसे.
ते मी पाहिले होते. रोज पाणी घालताना पाहिले होते.
धूळ वाटली.

तुमच्या झाडाला काही होणार नाही, ती म्हणाली.
हे फक्त पाहुणा ठेवून घेतं.
पाहुणा उडून संत्र्यावर बसतो, रस पितो,
आणि जाताना रोग ठेवून जातो.
मग झाड दोन-तीन वर्षं
काहीच सांगत नाही.
नंतर पान अर्धंच पिवळं,
फळ एका अंगाला कललेलं, बुडाशी हिरवं, कडू.
औषध?
औषध नाही. करवत आहे.

किड्यावर आम्ही एक माशी सोडतो, म्हणाली,
पलीकडच्या पंजाबातून आणलेली, किड्याहूनही लहान.
ती दुसऱ्या कुणाला खात नाही ना,
ते पाहायला आधी कितीतरी महिने कुलपात ठेवली.
कागद झाले, शिक्के झाले, मग बाहेर.
मला हसू आलं.
माझ्या लोणच्याच्या बरणीचीसुद्धा
विमानतळावर इतकी चौकशी झाली नव्हती.
तीही हसली,
पण भिंग खाली ठेवलं नाही.

"रोप कुठून आणलं?"
आर्टेशियात, वाण्याच्या दुकानामागे,
एका बाईनं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं.
नाव विचारलं नाही. पैसे घेतले नाहीत तिनं.
पावती कसली असणार.

"आणि तुम्ही कुणाला दिलं?"

मुळातून फुटवे येत राहतात ना याला.
गेल्या संक्रांतीला सगळ्या वाण म्हणून
प्लॅस्टिकचे डबे देत होत्या,
मी म्हटलं, जिवंत काहीतरी देऊ.
सात जणांना दिलं.
तेव्हा स्वतःचं किती कौतुक वाटलं होतं.

लोमा लिंडाच्या शैलजा पोंक्षे.
युकायपाला कनकवल्ली, तिनं दोन मागितली, एकच दिलं.
कोल्टनची वृंदा देवस्थळी,
तिचं तर उन्हाळ्यात वाळलं. तरी लिहा.
डेलफिना लिहीत होती, स्पेलिंग विचारत होती,
आणि मी अक्षर अक्षर सांगत होते
जशी चुगली करावी सावकाश, शुद्ध उच्चारांत.
पाच. सहा.

सातवं हळदीकुंकवाचं नव्हतंच.
कुंपणापलीकडच्या एल्डन व्हिटकरला दिलेलं.
दर हिवाळ्यात तो पिशवीभर संत्री
गेटच्या खिळ्याला अडकवून जातो,
रिकामी पिशवी परत कशी द्यायची?
म्हणून कुंडी दिली. पान चुरगळून वास घेतला त्यानं,
डोळे मिटले,
आणि कुंडी नेऊन ठेवली तिथंच,
त्याच्या आजोबांनी लावलेल्या संत्र्याच्या सावलीत.

एप्रिल आहे. सगळं रेडलँड्स बहरात,
गाडीच्या काचा बंद केल्या तरी वास आत येतो.
डेलफिनाचं पेन थांबलेलं.
"सहाच?"

भिंतीपलीकडे त्याचा नळ चालू झाला.
काहीतरी गुणगुणतोय.
मी तिला म्हटलं, पत्ता लिहायची गरज नाही,
चला,
मीच येते बरोबर.